धूर दिसला आणि पत गेली : नॅनो गाडीची गोष्ट



आजचा विषय ऐकून कुणी म्हणेल, बायांच्या कार्यक्रमात मोटारगाडीची गोष्ट कशाला? त्याला कारण आहे. एमएच-२९ची पाटी लावलेल्या गाड्या आता आपल्या जिल्ह्यात गावोगाव दिसतात. कुणाच्या दारात जुनी चारचाकी आली, कुणी कर्ज काढून छोटा हत्ती घेतला, कुणाचा मुलगा भाड्याची गाडी चालवतो. गाडी ठरवायची वेळ आली की पारावरची मंडळी सांगून मोकळी होतात, "ही कंपनी भरवशाची, त्या कंपनीच्या नादी लागू नका." पण हप्ता जातो तो घरातल्या बाईच्या हिशेबातून. आणि लेकरू मांडीवर घेऊन मागच्या सीटवर बसते तीही घरातली बाईच.

म्हणून "भरवशाची" हे नाव गाडीला कसं मिळतं आणि कसं जातं, ते आपणही समजून घेऊ. त्यासाठी आपल्याच महाराष्ट्रातल्या एका कंपनीची गोष्ट सांगते. टाटा कंपनीची नॅनो.

नॅनोची कल्पना दुचाकीवरून निघाली. बाप गाडी चालवतोय, पुढे एक लेकरू उभं, मागे आई, तिच्या कडेवर दुसरं लेकरू, आणि वरून पाऊस. रतन टाटा यांनी असं कुटुंब रस्त्यावर पाहिलं आणि या लोकांना परवडेल अशी चारचाकी का होऊ नये, असा विचार त्यांच्या मनात आला. हे त्यांनी स्वतः सांगितलं आहे. १० जानेवारी २००८ रोजी दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात त्यांनी ही गाडी जगापुढे आणली. कारखान्यातली किंमत एक लाख रुपये. इंजिन ६२४ सीसीचं, दोन सिलिंडरचं, आणि तेही गाडीच्या मागच्या बाजूला. पुढच्या काचेला एकच वायपर. चाकाला चार नटांऐवजी तीन नट. जिथे पैसा वाचवता येईल तिथे वाचवला होता.

पश्चिम बंगालमधल्या सिंगूर इथे कारखाना होणार होता. तिथे जमिनीचं आंदोलन पेटलं आणि ऑक्टोबर २००८ मध्ये कंपनीने सिंगूर सोडून गुजरातमधलं साणंद गाठलं. तरी लोकांचा उत्साह ओसरला नाही. एप्रिल २००९ मध्ये बुकिंग उघडलं तेव्हा २ लाख ६ हजार ७०३ जणांनी नाव नोंदवलं. पहिल्या एक लाख गाड्या कुणाला द्यायच्या, त्यासाठी चिठ्ठ्या काढाव्या लागल्या. जुलै २००९ मध्ये मुंबईत पहिली किल्ली ग्राहकाच्या हातात पडली.

आणि मग धूर दिसला.

२००९ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये देशात तीन ठिकाणी नॅनोतून धूर निघाल्याच्या बातम्या आल्या. स्टीअरिंगजवळ दिव्यांचा जो खटका असतो, त्यात बिघाड होता. कंपनीने तो भाग बदलला. प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण मार्च २०१० मध्ये मुंबईत एक नवी कोरी नॅनो शोरूममधून घरी नेताना रस्त्यातच पेटली. आतली माणसं वेळेत उतरली, कुणाला इजा झाली नाही. पुढच्याच महिन्यात गुजरातमध्ये आणखी एक पेटली. जळालेल्या नॅनोचं चित्र घरोघर टीव्हीवर दिसलं.

कंपनीने चौकशी केली आणि मे २०१० मध्ये सांगितलं की गाडीच्या रचनेत दोष नाही, त्या-त्या गाडीपुरती वेगळी कारणं होती. मात्र नोव्हेंबर २०१० मध्ये तीच कंपनी म्हणाली, विकलेल्या गाड्या आणा, एक्झॉस्टला आणि विजेच्या जोडण्यांना जास्तीचं संरक्षण फुकट बसवून देतो. आणि वर असंही म्हणाली की हे गाड्या परत बोलावणं नव्हे, दोष काही नाहीच.

आता हे आपल्या कानांनी ऐकून बघा. समजा पापड विकणारा एक गट म्हणाला, "आमच्या पापडात खडा नाही, पण घेतलेले पापड परत आणा, आम्ही पुन्हा निवडून देतो." ऐकणारी बाई काय समजेल? खडा आहे असंच समजेल ना! काम चांगलं होतं, फुकट होतं, पण बोलणं दोन तोंडांचं झालं.

त्याच नोव्हेंबर महिन्यात अख्ख्या देशात किती नॅनो विकल्या गेल्या? फक्त ५०९. चार महिन्यांपूर्वी, जुलैमध्ये, हा आकडा ९,००० होता. साणंदचा कारखाना वर्षाला अडीच लाख गाड्या बनवता याव्यात म्हणून उभारलेला.

सगळा दोष आगीवर टाकायचा नाही. बँका नॅनोसाठी कर्ज द्यायला हात आखडत होत्या. लहान शहरांत दुकानं कमी होती. किंमतही वाढत गेली. डिसेंबर २०१० मध्ये कंपनीने चार वर्षांची किंवा ६० हजार किलोमीटरची हमी दिली, देखभालीसाठी महिन्याला ९९ रुपयांची योजना काढली. विक्री पुन्हा सावरली. २०११-१२ मध्ये ७४ हजारांवर गाड्या गेल्या. पण ज्या गाडीसाठी दोन लाख माणसं रांगेत उभी होती, ती रांग परत लागली नाही. जून २०१८ मध्ये देशात एकच नॅनो बनली. त्यानंतर पुढे गाडी बंद झाली.

आता याच काळातल्या दुसऱ्या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघू.

पहिली, मारुतीची. फेब्रुवारी २०१० मध्ये, म्हणजे मुंबईत नॅनो पेटली त्याच्या महिनाभर आधी, मारुती कंपनीने आपल्या ए-स्टार गाडीच्या सुमारे एक लाख गाड्या तपासायला बोलावल्या. कारण काय, तर पेट्रोल गळण्याची शक्यता. पेट्रोल गळालं तर आग लागू शकते, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. पण "मारुतीच्या गाड्या पेटतात" असं कुणाच्या तोंडी बसलं नाही. मारुतीची पत होती तशीच राहिली.

दुसरी गोष्ट टोयोटाची. ही जपानची कंपनी, भरवशासाठी जगभर नाव असलेली. २००९-१० मध्ये अमेरिकेत बोंब झाली की टोयोटाच्या गाड्या आपोआप वेग घेतात. पायाखालची चटई पॅडलमध्ये अडकत होती, काही गाड्यांत पॅडल चिकटत होतं. लाखो गाड्या परत बोलावल्या. फेब्रुवारी २०१० मध्ये कंपनीचे अध्यक्ष आकियो टोयोडा यांनी अमेरिकेच्या संसदेच्या समितीपुढे जाऊन माफी मागितली. गाडीच्या संगणकातच खोट असेल, अशी लोकांना शंका होती. नासा या अवकाश संस्थेच्या तज्ज्ञांनी तपासणी केली, २०११ मध्ये अहवाल आला, आपोआप वेग घेईल असा विजेच्या यंत्रणेतला दोष त्यांना सापडला नाही. पण गोष्ट तिथे संपली नाही. चटईच्या आणि पॅडलच्या दोषाबद्दल कंपनीने लोकांची दिशाभूल केली होती, म्हणून २०१४ मध्ये तिला १२० कोटी डॉलर भरावे लागले. तरी टोयोटाचं नाव बुडालं नाही. आजही ती जगातल्या सगळ्यात जास्त गाड्या विकणाऱ्या कंपन्यांत आहे.

तीन कंपन्या, एकच काळ, तिघींवर धोक्याची बातमी. दोघी तरल्या आणि एक गाडी बुडाली. असं का?

एक तर आग डोळ्यांना दिसते. आपल्या जिल्ह्याला हे वेगळं सांगायला नको. ८ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे यवतमाळहून मुंबईला निघालेली खासगी बस नाशिकमध्ये ट्रकला धडकून पेटली आणि १२ जणांचा जीव गेला. ती चित्रं ज्यांनी पाहिली ते विसरणार नाहीत. रस्त्यावर रोज एक-एक माणूस जातो, त्याची बातमी आतल्या पानावर चार ओळींत संपते. पेटलेली गाडी मात्र मनात घर करून बसते. मारुतीच्या बाबतीत पेट्रोल गळण्याची नुसती शक्यता होती, लोकांनी जळालेली गाडी पाहिली नव्हती. नॅनोची पाहिली होती.

दुसरं कारण आधीच्या नावाचं. मारुतीची पहिली गाडी डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली. पंचवीस वर्षं लोकांनी ती वापरली, गावातला मिस्त्री ती दुरुस्त करू शकतो, सुटे भाग कुठेही मिळतात, हा अनुभव गाठीला होता. टाटांची ओळख ट्रकवाले म्हणून पक्की होती, पण घरगुती गाडीत ते नवे होते. १९९८ च्या डिसेंबरात त्यांनी पुण्यात बनवलेली इंडिका आणली. सुरुवातीच्या इंडिकांबद्दल खूप तक्रारी आल्या, मग २००१ मध्ये सुधारलेली इंडिका व्ही-टू आली. ती टॅक्सीवाल्यांनी उचलून धरली, पण "टाटाची गाडी म्हणजे गॅरेजच्या चकरा" हे बोलणं काही थांबलं नाही. त्यावर नॅनोचा धूर आला. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास.

पत म्हणजे बँकेतल्या शिलकीसारखी असते, हे आपल्याला गटात रोज दिसतं. ज्या गटाने दहा वर्षं वेळेवर हप्ते भरले, त्याचा एखादा हप्ता चुकला तर बँकेचा माणूस म्हणतो, काहीतरी अडचण असेल. काल निघालेल्या गटाचा पहिलाच हप्ता चुकला तर तोच माणूस म्हणतो, वाटलंच होतं. चूक तीच असते, पण एकाच्या खात्यात शिल्लक असते आणि दुसऱ्याच्या नसते.

तिसरं कारण सगळ्यात जास्त बोचणारं आहे. नॅनोला "जगातली सगळ्यात स्वस्त गाडी" म्हणून नाव मिळालं. महागडी गाडी बिघडली तर लोक म्हणतात, यंत्र आहे, बिघडणारच. स्वस्त गाडी बिघडली तर म्हणतात, एक लाखात आणखी काय मिळणार? आणि घेणाऱ्यालाही लाज वाटू लागते. गाडी माणूस दोन गोष्टींसाठी घेतो, गरजेसाठी आणि चार लोकांत मानासाठी. गरिबाची गाडी असा शिक्का बसला, त्यात ती पेटते असं नाव पडलं, मग कोण घेणार? स्वस्त म्हणून ती लोकांपुढे गेली, हे चुकलं, असं पुढे रतन टाटा यांनीही बोलून दाखवलं.

आता तायांनो, मला ज्या गोष्टीसाठी हा विषय घ्यावासा वाटला, ती सांगते. नॅनोला भिऊन जी माणसं मागे फिरली, ती गेली कुठे? काहींनी जुनी मारुती घेतली असेल. पण ही गाडी ज्यांच्यासाठी काढली होती, ती पुष्कळ कुटुंबं दुचाकीवरच राहिली. आजही आर्णीच्या, घाटंजीच्या, दिग्रसच्या रस्त्याला बाजाराच्या दिवशी उभ्या राहा. नवरा, बायको, दोन लेकरं आणि हँडलला अडकवलेली पिशवी, हे चित्र हमखास दिसेल. साडीचा पदर चाकाजवळ, डोक्यावर हेल्मेट नाही.

केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यावर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं मेली. त्यांतली शंभरामागे जवळपास ४५ दुचाकीवरची होती. नॅनोला आगी लागल्या त्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि त्या गाजल्या. दुचाकीवरची मरणं रोजची आहेत, म्हणून कुणी त्यांना भीत नाही. जे रोज दिसतं त्याची सवय होते आणि जे क्वचित दिसतं त्याची धास्ती बसते.

पण म्हणून नॅनो सुरक्षित होती असंही नाही, आणि इथे गोष्ट पुन्हा वळण घेते. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतातल्या पाच गाड्या ताशी ६४ किलोमीटर वेगाने आडोशाला धडकवून पाहिल्या. आत माणसांच्या आकाराचे पुतळे बसवले होते. नॅनोला पाचपैकी शून्य तारे मिळाले. आणि तिच्यासोबत शून्य कुणाला मिळाले? मारुती अल्टो ८००, ह्युंदाई आय-टेन, फोर्ड फिगो आणि एअरबॅग नसलेली फोक्सवॅगन पोलो. म्हणजे ज्या गाड्यांना लोक डोळे झाकून भरवशाच्या म्हणत होते, त्यांचीही तीच गत. अल्टो त्यानंतरही कित्येक वर्षं देशात सगळ्यात जास्त विकली जाणारी गाडी राहिली.

यातून एक गोष्ट गाठीला बांधून ठेवा. "भरवशाची" आणि "सुरक्षित" हे दोन वेगळे शब्द आहेत. सकाळी किल्ली फिरवली की चालू होते, वाटेत बंद पडत नाही, दुरुस्तीला कमी पैसे लागतात, ती भरवशाची. धडक झाल्यावर आतल्या माणसाला वाचवते ती सुरक्षित. एखादी गाडी भरवशाची असून सुरक्षित नसू शकते. नॅनोच्या आगीच्या बोभाट्यात लोकांनी हे दोन्ही एकत्र कालवलं, आणि धडकेत काय होईल हा खरा प्रश्न कुणी विचारलाच नाही.

टाटा कंपनीने मात्र त्यातून धडा घेतलेला दिसतो. डिसेंबर २०१८ मध्ये तिच्या नेक्सॉन गाडीला त्याच परीक्षेत पाच तारे मिळाले. भारतात बनलेल्या गाडीला पाच तारे मिळण्याची ती पहिलीच वेळ. जानेवारी २०२० मध्ये अल्ट्रोझलाही पाच मिळाले. कंपनीने ते तारे जाहिरातीत मिरवले आणि "टाटाची गाडी म्हणजे मजबूत" हे नवं बोलणं सुरू झालं.

त्याची परीक्षा जून २०२२ मध्ये झाली. मुंबईजवळ वसईत विजेवर चालणारी एक नेक्सॉन रस्त्यात पेटली. व्हिडिओ मोबाईलवर सगळीकडे फिरला, केंद्र सरकारने चौकशी लावली. कंपनी तीच, आग तशीच, चित्र तितकंच भयंकर. पण या वेळी नाव कोसळलं नाही. २०२२-२३ मध्ये पेट्रोल, डिझेल आणि विजेच्या मिळून १ लाख ७२ हजार नेक्सॉन विकल्या गेल्या. बारा वर्षांत आग बदलली नव्हती, खात्यातली शिलकी पत बदलली होती.

कायदाही आता थोडा बदलला आहे. नॅनोच्या वेळी गाड्या परत बोलावणं हे कंपनीच्या मर्जीवर होतं. २०१९ मध्ये मोटार वाहन कायदा दुरुस्त झाला. १ एप्रिल २०२१ पासूनच्या नियमांनुसार, ठरावीक संख्येने तक्रारी आल्या तर सात वर्षांच्या आतल्या गाड्या परत बोलावण्याचा हुकूम सरकार देऊ शकतं. कंपनीला १० लाखांपासून एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही आपल्या देशाची तारे देणारी परीक्षा सुरू झाली आहे.

आता घरात गाडीची गोष्ट निघाली, किंवा एखाद्या गाडीबद्दल भीतीची बातमी कानावर आली, तर चार प्रश्न विचारा.

पहिला, कितीपैकी किती? पाच गाड्या पेटल्या, तर रस्त्यावर त्या जातीच्या एकूण गाड्या किती?

दुसरा, कारण सापडलं का? कंपनीचा दोष, की बाहेरून बसवलेला भोंगा, टेप, गॅसकिट आणि त्यासाठी कापलेल्या वायरी? गाडीतल्या वायरींना हात लावायचा तर तो जाणत्या मिस्त्रीनेच लावावा.

तिसरा, कंपनीने काय केलं? दोष मान्य करून गाड्या बोलावल्या असतील तर त्याला नावं ठेवू नका, उलट जमेची बाजू समजा. जुनी गाडी घेत असाल तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला चेसिस नंबर देऊन विचारा की या गाडीचं काही काम करायचं राहिलं आहे का. असं काम बहुतेक वेळा फुकट होतं.

चौथा, तारे किती, आणि कुठल्या गाडीचे? २०१४ मध्ये एअरबॅग नसलेल्या पोलोला शून्य मिळाले आणि एअरबॅग असलेल्या पोलोला चार. नाव एकच, गाडी वेगळी. म्हणून आपण घेतोय त्याच प्रकारात एअरबॅग आहेत का, ते बघून घ्या.

आणि तारे कितीही असोत, पट्टा लावला नाही तर त्यांचा उपयोग नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघातात मृत्यू झाला. गाडी परदेशी, महागडी. मागच्या सीटवर बसलेल्यांनी पट्टा लावला नव्हता. मागच्या सीटवर आपण बायाच बसतो, तेव्हा पट्टा लावायचा आणि लेकरालाही मागेच बसवायचं. दुचाकीवर जायचं तर मागे बसणारीलाही हेल्मेट हवंच. पदर खोचून घ्यायचा, आणि लेकराला टाकीवर बसवायचं नाही.

लोक काय म्हणतात ते ऐकायला हरकत नाही. लोकांच्या बोलण्यात अनुभव असतो, तशी ऐकीव भीतीही असते. दोन्ही पाखडून घ्यायचं काम आपलं. धान्य पाखडायला आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही, ही गोष्टही तशीच पाखडून घ्या. गटाच्या पुढच्या बैठकीत यावर बोला, आणि गावात कुणी गाडी घ्यायला निघालं असेल तर हे चार प्रश्न तिला जरूर सांगा.